तुम्ही खरा म्हणून दाखवलेला चाकू

अप्पा, गेल्या महिन्यात अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला सोलापूरला आले होते, तेव्हा नवी पेठेत नाडेवाली अक्का भेटली. तुमच्या शेजारी फुटपाथवर पोतं अंथरून नाडे, सेफ्टी पिना आणि केसांची रबरं विकायची, तीच. अजून बसते. माल कमी झालाय, दिसतंही कमी, पण माझ्या चालण्यावरून तिनं ओळखलं. "चाकूवाल्याची पोरगी ना ग तू?" म्हणाली. मी तिच्याजवळ टेकले आणि तिनं बोलता बोलता मला एक गोष्ट सांगितली. मला ती आधीपासून ठाऊक असणारच, असं धरून सांगितली. मला ती ठाऊक नव्हती. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, आणि बोलून काही पुढे सरकत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

लहानपणी मला तुमच्या धंद्याची लाज वाटायची, हे तुम्हाला माहीत असेलच. शाळा सुटली की मैत्रिणींना घेऊन मी मुद्दाम पलीकडच्या बोळातून शुक्रवार पेठेत घरी यायचे. कुलपं, टॉर्च, नेलकटर हे तुमच्याकडे होतं, पण तुमचं नाव झालं होतं त्या लाल मुठीच्या घडीच्या चाकूमुळे. "एकात अकरा! एकात अकरा!" असं तुम्ही ओरडायचा, आणि गिऱ्हाईक थांबलं की एकेक पातं उघडून मोरासारखा पिसारा करून दाखवायचा. इथवर ठीक होतं. मला लाज वाटायची ती तुमच्या पुढच्या बोलण्याची. "मालक, आदीच सांगतो, हा नकली हाय. असली स्वित्झर्लंडचा येतो, त्यो हितं न्हाय मिळत. ह्यो त्याचा चुलतभाऊ. सफरचंद कापा, नाडा कापा, पाकीट फोडा, लई झ्याक चालतंय. तारंला लावू नका, वाकंल. वाकला तर माझ्याकडं आणू नका." लोक हसायचे आणि घेऊन जायचे. भर रस्त्यात माझा बाप स्वतःच्या मालाला नकली म्हणतो, हे मला कुठं लपवू असं व्हायचं. बाकीच्या मुलींचे वडील 'एक नंबर माल' म्हणायचे की.

असली चाकू तुम्ही आयुष्यात एकदाच हातात धरला होता. जेऊरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना रेल्वेच्या एका इंजिनियरनं तुमचा माल बघितला, हसून स्वतःच्या खिशातला काढला आणि गाडी येईपर्यंत तुमच्या हातात राहू दिला. ती हकीकत तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितली की मलाच तो चाकू धरल्यासारखा वाटायचा. असलीचं पातं उघडताना एकच आवाज येतो, कट्, आणि मग ते हलत नाही. नकलीचं चरचरत उघडतं आणि उघडल्यावर डुलतं. असलीची कात्री सोडली की आपली आपण उघडते, नकलीची बोटानं उघडावी लागते. असलीवरचा क्रूस धातूचा, मुठीत बसवलेला असतो. नकलीवरचा छापलेला, घामानं जातो. आणि असली उजेडाकडे धरला तर पात्यांच्या मधून उजेड येत नाही. जेवता जेवता हे सांगताना तुमचा घास हातातच राहायचा. अव्वा म्हणायची, "भाकरी गार होतीया."

मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात काय घ्यायचं याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही. एका मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात तो होता. मी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?" दुकानदार म्हणाला, "मॅडम, आम्ही दुसरं ठेवतच नाही." डबी सुंदर होती. आत परदेशी भाषेतला कागद होता. मी तो उघडूनही बघितला नाही, अप्पा. इतकी वर्षं तुमच्याकडून ऐकलेलं एकही लक्षण मी पडताळून बघितलं नाही. दुकान मोठं होतं, एसी होता, कपाटाला कुलूप होतं, तेवढं मला पुरलं.

दिवाळीला घरी आले आणि स्वयंपाकघरात तुमच्या हातात डबी दिली. तुम्ही चाकू काढलात, खिडकीपाशी गेलात. एक पातं उघडलंत, मिटलंत. कात्री उघडलीत. मग उजेडाकडे धरलात आणि थोडा वेळ तसेच उभे राहिलात. मला वाटलं, भरून आलंय. अव्वाही पदरानं डोळे पुसत होती. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "लई भारी आणलंस की ग." मग डबीत परत ठेवून म्हणालात, "ह्यो घरातच ठिवू. बाजारात कशाला न्यायचा?"

आणि मी हट्ट धरला. "आता नुसतं तोंडानं सांगू नका. दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. लोकांना कळू दे असली कसा असतो ते."

"हरवंल, बाळा."

"हरवला तर दुसरा आणीन. तुम्ही वापरावा म्हणूनच आणलाय."

तुम्ही अव्वाकडे बघितलंत आणि मान हलवलीत. त्यानंतर पुण्याहून प्रत्येक फोनला मी विचारायचे, "दाखवता ना गिऱ्हाइकांना?" तुम्ही म्हणायचा, "दाखवतो की." मग मी ऑफिसात सांगायचे, माझे वडील असे आहेत, असली आणि नकली शेजारी ठेवून विकतात. तुमच्या ज्या बोलण्याची मला लाज वाटायची, त्याचाच मी आता डौल मिरवू लागले होते.

त्याच हिवाळ्यात गड्ड्याची जत्रा दाखवायला मी ऑफिसातल्या दोघांना घेऊन आले. एक मैत्रीण आणि एक मित्र. तो मित्र डोंगर चढणारा, पाठीवरच्या पिशवीत दोरापासून बॅटरीपर्यंत सगळं बाळगणारा. पाळण्यांच्या बाजूला तुमची जागा होती. संध्याकाळ होत आलेली, दिवे लागलेले. आम्ही मागे उभे राहिलो आणि तुम्ही रंगात आला होता. तांबड्या फडक्यावर नकली मांडलेले, आणि तसाच दिसणारा एक हातात धरून तुम्ही म्हणत होता, "आणि ह्यो असली. माझ्या लेकीनं आणलाय पुण्यास्नं." तेव्हा मला एक गोष्ट दिसली होती, तिचा अर्थ आत्ता लागतोय. तुम्ही तो कुणाच्या हातात देत नव्हता. पटकन दाखवून मूठ मिटत होता.

मित्र पुढे झाला. "काका, बघू जरा?" तुम्ही थबकलात. त्यानं हात पुढे केलेला, माणसं बघतायत, मी मागून हसत म्हणतेय, "द्या की अप्पा, तो माझाच मित्र आहे." तुम्ही दिलात. त्यानं पिशवीतून स्वतःचा काढला, दोन्ही शेजारी धरले, दोन्हींची कात्री उघडली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शाळकरी मुलानं उत्तर सांगावं तसं तो म्हणाला, "काका, हा पण डुप्लिकेटच आहे."

माणसं आधी हसली. मग ज्यानं आत्ताच एक घेतला होता तो म्हणाला, "म्हंजी ह्यो बी खोटंच बोलतोय की! असली म्हणून दावतोय आन् नकलीच!" त्यानं चाकू फडक्यावर टाकला. तुम्ही त्याचे पैसे परत दिलेत. आणखी एकानं परत केला, मग एकजण नुसताच "फसवतोय, फसवतोय" म्हणत गेला. इतकी वर्षं त्या फुटपाथवर तुम्हाला हा शब्द कुणी लावला नव्हता. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. आणि मी पाळण्याकडे बघितलं.

घरी आल्यावर मित्र-मैत्रिणीला बाहेरच्या खोलीत बसवून मी स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं. अव्वा शेंगाची चटणी कुटत होती, ती थांबली. मी हळू आवाजात बोलत होते, कारण बाहेर ऐकू जाऊ नये. त्या हळू आवाजाची मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते. ओरडले असते तर निदान राग म्हणता आला असता.

"विकलात ना तो?" मी म्हणाले. "विकून त्या जागी नकली ठेवलात. पैसे हवे होते तर मला मागायचे. माझ्या मित्रासमोर मला असं उभं केलंत."

अव्वा काहीतरी बोलायला गेली. तुम्ही तिला कानडीत म्हणालात, "होगली बिडु." जाऊ दे. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "व्हय. इकला. चुकलं माझं."

मी तुम्हाला माफ केलं, अप्पा. तसंच झालं. मी म्हणाले, "असू दे, झालं ते झालं." वर हेही म्हणाले की दुसरा आणीन पण या वेळी घरात ठेवा. तुम्ही मान हलवलीत. दुसरा मी आणला नाही. त्या जत्रेनंतर तुम्ही ते चाकू विकणंच सोडलंत, कुलपं आणि टॉर्च तेवढे ठेवलेत. मला वाटलं, शरमेनं. पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तुम्ही गेलात.

अक्का त्या दिवशी म्हणाली, तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत, "तू चाकू दिली ना दिवाळीला, दुसऱ्याच दिवशी मला दाखवला. म्हणला, अक्का, पोरगी फसली. कुणीतरी फसवलं तिला. मी म्हणलं, सांग की मग. तर म्हणतो, कसं सांगू, पयल्या पगाराचं हाय. मी म्हणलं, मग असली म्हणून दाखवू नको, पाप लागतं. तर म्हणला, ती फोनवर विचारती ग, दाखवता का म्हणून. तिच्याशी खोटं बोलण्यापरीस गिऱ्हाइकाशी बोलतो." आणि मग अक्का हसली. "कसला माणूस होता. जत्रेनंतर मला म्हणला, आता सुटलो बघ."

मी तिच्याकडून नाडे घेतले. किती घेतले, कशाला घेतले, कळलं नाही. घरी येऊन अव्वाला विचारलं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती पलंगावर बसली होती. "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "व्हय." "मग इतकी वर्षं का नाही बोललीस?" "त्यांनी सांगू नको म्हटलं हुतं. आणि तू त्या दिवशी लई बोललीस. खरं कळलं असतं तर तुला ते सगळं परत गिळावं लागलं असतं." मग म्हणाली, "मला तुझा राग आला हुता. बरेच दिवस हुता." एवढंच. तो चाकू कुठं आहे विचारलं तर म्हणाली, तुमच्या बाकीच्या सामानाबरोबर तोही अक्काच्या पोराला देऊन टाकला. बरं झालं. तो बघून मला काय कळायचं राहिलं होतं?

लाज म्हणजे काय ते मला वाटायचं मला ठाऊक आहे. लहानपणी वाटायची ती लाज लोकांची होती, चार मैत्रिणींची. ही तशी नाही. हिला कुणी बघणारं नाही. तुम्ही विकलात असं मला इतक्या पटकन का वाटलं, याच्यापाशी मी रोज येऊन थांबते. दुकानदाराचा शब्द मी कपाटाच्या काचेवरून मान्य केला. तुमचा, ज्यानं आयुष्यभर आपल्याच मालाला नकली म्हटलं त्याचा, मी एका मिनिटात मोडीत काढला. दोघांपैकी एक खोटं बोलतोय म्हटल्यावर दुकानदार माझ्या मनातसुद्धा आला नाही.

आता राहिलं ते सांगते आणि थांबते. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगता येतंय. त्या मित्राशीच माझं पुढे लग्न झालं, हे तुम्ही बघितलं नाहीत. चांगला माणूस आहे. तुमच्याबद्दल प्रेमानं बोलतो, आणि प्रेमानंच ती हकीकत सांगतो. सासऱ्यांनी लेकीनं दिलेला असली चाकू विकून टाकला आणि त्या जागी नकली ठेवून कसे पकडले गेले, पण पकडल्यावर कसे सरळ कबूल झाले. घरी कुणी पाहुणे आले की सांगतो. ही गोष्ट त्याला मीच दिलेली आहे. सोलापूरहून परत आल्यावर पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. पण ते सांगायचं तर दार लोटून स्वयंपाकघरात काय बोलले तेही सांगावं लागेल, आणि ते त्याला आजवर ठाऊक नाही. रोज उद्यावर ढकलते आहे.

परवा रविवारी त्याचे मामा जेवायला होते. त्यानं परत सांगितली. मामा हसले. तुमचा नातू, तुम्ही न पाहिलेला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आई, आजोबांनी खरंच विकला होता?"

मी त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हटलं, "जेव आधी."