राजगड कुठं पळून जातोय?

आप्पा,

तुमचं तेरावं झाल्यावर आत्याला तिच्या घरी, श्रीवर्धनला पोचवायला आले. आज संध्याकाळी तिने असं काही सांगितलं की माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. तुम्हाला विचारल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहितेय. खरं सांगा, तुम्ही राजगडावर कधीच गेला नव्हतात?

तुम्ही नाही, हेच अजून पटत नाही मला. सकाळी फोनवर "आंबं पाठवतो" म्हणणारा माणूस दुपारी अंगणात बसल्या बसल्या जातो? असं कुणी जातं का?

दर मे महिन्यात वरंधा घाट उतरून तुम्ही आम्हाला इथं आणायचात. मुक्काम आत्याकडे आणि रोज सकाळी डबे बांधून भटकंती. आज जंजिरा, उद्या रायगड. समुद्रात डुंबायचं सोडून किल्ले कसले बघायचे, म्हणून आम्ही कुरकुरायचो. आणि कुठंही गेलं तरी तुमचं पालुपद ठरलेलं, "ठीक हाय, पर आमच्या राजगडाची सर न्हाई!"

जंजिऱ्याच्या होडीवाल्याशी तर दरवर्षी हुज्जत! त्याने तोफेचं कौतुक सुरू केलं की तुम्ही त्याला बालेकिल्ल्याची उभी चढण ऐकवायचात. मग सुवेळा माचीवरचं नेढं, त्या खडकातल्या भोकातून अंगावर येणारं वारं. होडीतले सगळे तुमच्याकडे बघायचे. मला लाज वाटायची, आणि तुमचा अभिमानही वाटायचा.

आज मुलांना जंजिऱ्याला नेलं. माझं मन नव्हतं, पण आत्याच म्हणाली, "जा, तुजा बाप असा घरात बसून ऱ्हायला नसता." परत आल्यावर मी सहज तुमचं पालुपद म्हटलं, तर ती रडता रडता हसायला लागली.

"अगं, त्यो कवा गेलता गडावर? जल्म पायथ्यालाच गेला त्याचा."

"मग त्यांना सगळं कसं माहीत?"

"तुमच्या पडवीत जेवाया येत्यात न्हवं गड उतरून पोरं? त्यांना इचारायचा."

आप्पा! आई पिठलं-भाकरी करायची, तुम्ही वाढता वाढता त्या पोरांना विचारायचात, "नेढ्यात बसला का? वारं हुतं का?" मला वाटायचं, तुम्ही त्यांची परीक्षा घेताय.

आईला लगेच फोन लावला. "तू तरी गेलीस का गं गडावर?"

"म्या गेले असते तर भाकरी कुणी थापली असती?"

आणि मी? शाळेची सहल रायगडाला गेली, लग्नानंतर भोरला गेले. गडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात जन्मून मीही राजगड चढले नाही. घरचाच गड, कधीही होईल! अख्ख्या घराने अशी चूक करावी?

सगळ्यात जिव्हारी लागलंय ते वेगळंच. दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "येतीस का उद्या गडावर?" मला वाटलं, तुम्ही मला दाखवायला नेताय. मी हसून म्हणाले, "राजगड कुठं पळून जातोय, आप्पा?" तुम्ही "व्हय, त्ये बी खरं" म्हणून गोठ्याकडे गेलात. तुम्हाला पहिल्यांदा जायचं होतं ना? सोबत हवी होती ना? मग तसं सांगायचं होतं! एवढं कसलं अवघड होतं ते?

राजगड आहे तिथंच आहे. पळून तुम्ही गेलात.

परवा इथून निघून थेट गुंजवण्याला जातेय. रविवारी आपली चूल बंद राहील. गड उतरून कुणी जेवायला आलं तर येवो बापडं, उपाशी जाईल. मी आईला घेऊन चढणार, तिचे गुडघे जिथवर साथ देतील तिथवर. नेढ्यात मात्र जाऊन बसणारच. खाली आल्यावर तुमच्या जागेवर बसेन आणि वारं कसं होतं ते तुम्हाला सांगेन. या वेळी विचारायचं तुम्ही, आणि सांगायचं मी.

तुमची,
थोरली