कंडेन्सर रिकामं केलं का

४ फेब्रु. २००१, आखाडा बाळापूर
मॅग्नेट चार्ज करायचं मशीन झालं एकदाचं. साडू दत्तराव हट्ट्याहून येऊन चार दिवस इथंच. वीज साठवून ठेवणारे जुने कंडेन्सर ओळीनं जोडले. लाईनवरून भरायला आठ मिनिटं. मग खटका दाबला की सगळी वीज एकदम कॉईलमध्ये. ठप्. मोपेडचा मेलेला मॅग्नेट पाना ओढायला लागला. दत्तराव म्हणाले, "आठ मिनिटं गप ऱ्हातं अन् एकदाच लाथ हानतं. आमच्या म्हशीवानी."
रेडिओ दुरुस्तीला कुणी येत नाही आता. हे चालायला पाहिजे.

११ फेब्रु.
लाईन गेली तरी आतली वीज तशीच राहते. म्हणून आधी बल्ब जोडून रिकामं करायचं, मगच हात लावायचा. बल्ब भक्कन पेटतो, मंद होत विझतो. हे काम माझं. नट-बोल्ट, कॉईल दत्तरावांकडे.
बायको, कमल, दुकानात पाय ठेवत नाही. "बंद केल्यावरबी जे चालू ऱ्हातं, ते काहून घरी आणलं?"

२ मार्च
नरसीहून एक, कळमनुरीहून दोन गिऱ्हाईक. दत्तराव रोज सकाळच्या बसनं येतात. दुकानात दुसरं माणूस असलं की बरं वाटतं.

१९ मार्च
दु. तीनला लाईन गेली. मशीन भरलेलं होतं. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी गेलो. आत आवाज झाला. दत्तराव भिंतीशी पडलेले. उजव्या हाताची दोन बोटं काळी. डोळे उघडे, बोलणं नाही. जीपनं नांदेडला.
बल्ब लावायचा राहिला होता.

२२ मार्च
जीव वाचला. एक बोट अर्धं काढलं. दुसरं वाकत नाही.
सिंधूनं, त्यांच्या बायकोनं, विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आधी दत्तरावच बोलले, "माझीच चूक. लाईन गेली म्हनून हात घातला." कमल माझ्याकडं बघत होती.

२८ मार्च
दत्तराव घरी, हट्ट्याला. मी गेलो नाही. मोसंबी पाठवली.

९ एप्रिल
लिहून टाकतो. मी उंबऱ्यात होतो तेव्हा त्यांनी मागून विचारलं होतं, "रिकामं केलं का?" मी "व्हय" म्हणालो. मागं न बघता. खोटं बोलायचं म्हणून नाही. गिऱ्हाईक घाई करत होतं, तोंडातून व्हय निघालं.
त्या दिवशी लिहिताना हे आठवत होतं. लिहिलं नाही.

१४ एप्रिल
कमलला सांगितलं. भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? हट्ट्याला जा."

१५ एप्रिल
बसस्टँडपर्यंत गेलो. बस लागलेली होती. परत आलो.

३० एप्रिल
आज दत्तराव स्वतःच आले. मशीन बघितलं. डाव्या हातानं पाना धरून एक नट आवळून दाखवला. "जमतंय. पुन्ना चालू करू." चहा झाला. मग म्हणाले, "एक ईचारू का, साडू? त्या दिवशी तुमी बाहेर निगालात, तिथवर आठवतं. म्या तुमाला काई ईचारलं व्हतं का? दवाखान्यात माझीच चूक म्हनलो ते अंदाजानं, काई आठवूनच न्हाई राहिलं. सिंधू म्हनते, मी न ईचारता हात घालनारं मानूस न्हाई."
मी म्हणालो, सांगतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मॅग्नेट ठेवून गेलं.
मशीन भरायला लावलंय. मी वही काढून बसलोय, काम टिपतोय असं त्यांना वाटत असेल. ते समोर स्टुलावर बसलेत, माझं लिहिणं संपायची वाट बघत.