बाबांच्या इंजिनातले सहा किरात

२ जुलै, मंगळवार

रागिबने आज कालव्यावर माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत! मोठा भाऊ असला म्हणून काय झालं? चाळीस वर्षांची बाई आहे मी, त्याची बकरी नाही. एवढंच म्हणाले होते की बाबांचं पाण्याचं इंजिन भंगारात जाणार नाही.

त्याला नवं हवंय. का ते मला बरोबर कळतंय. जुन्याच्या चोवीस किरातांपैकी, म्हणजे हिश्श्यांपैकी, सहा माझे — बाबांनी गावच्या शेखसमोर लिहून दिलेले. सहा किरात म्हणजे दर चौथ्या दिवशी माझ्या मक्याला पाणी, कुणाला न विचारता. पण इंजिन बदललं की हिस्से नव्याने पडतात, ही आमच्याकडची रीत. नवं येणार भावांच्या नावावर. मग मी पाण्यासाठी भावजयांच्या दारात उभं राहायचं!

४ जुलै, गुरुवार

उस्ता फिक्रीने इंजिन उघडलं. बाबांचा जुना मिस्त्री. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिलिंडर दोनदा आतून कापून बोअर केलंय पोरी, तिसऱ्यांदा कापायला लोखंडच उरलं नाही. आणि फिरवून सुरू करायच्या हँडलची खाच झिजलीय. इंजिन सुरू झालं तरी हँडल सुटणार नाही, त्याच्याबरोबर गरगर फिरेल. माणूस खाईल हे."

मी म्हटलं, भावांना सांगा, वर्षभर चालेल. तो नाही म्हणाला. बाबांची शपथ घातली तेव्हा हो म्हणाला.

७ जुलै, रविवार

निळा धूर. लिटरभर ऑइल प्यालं. पण चाललं!

९ जुलै, मंगळवार

माझी पाळी होती. मका करपलेला. हँडल लावते न लावते तोच रागिब आला, हातातून हिसकावून घेतलं, मला चिखलात ढकललं. "हो बाजूला, बायकांचं काम नाही हे." मी तोंडाला येईल ते बोलले.

त्याने हँडल तीनदा गरकन फिरवलं. इंजिन सुरू झालं — हँडल सुटलंच नाही. आधी मनगट, मग जबडा. हाड मोडल्याचा आवाज इंजिनावरूनही ऐकू आला. दात पाटात पडले. मी डोक्यावरचा रुमाल काढून त्याच्या तोंडात कोंबला, तरी रक्त थांबेना.

एक क्षण मला बरं वाटलं. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगू?

१४ जुलै, रविवार

जबडा तारांनी बांधलाय. वहिनी बाकल्याचे दाणे घोटून नळीने पाजते. सगळे म्हणतात नशीब! मला राहवेना. वहिनी बाहेर गेल्यावर सांगून टाकलं, फिक्रीला खोटं बोलायला मीच लावलं.

त्याने डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं — माहीत आहे. इंजिन उघडलं त्याच संध्याकाळी फिक्री येऊन सगळं सांगून गेला होता.

मग हँडल का ओढून घेतलंस, विचारलं.

लिहिलं — तू थांबली असतीस? आणि पेन माझ्या अंगावर फेकलं.

१५ जुलै, सोमवार

घण घेऊन कालव्यावर गेले. सिलिंडर फुटेपर्यंत मारला. नवं आता कुणाच्याही नावावर येऊ दे.