कपाटातल्या सात ट्यूबा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? भाजीची पाटी अजून उन्हातच मांडतेस ना?

डाव्या कानाला पट्टी आहे. फोटोत दिसली तर घाबरू नकोस. आम्ही छपरावर पत्रे बसवतो ना, तिथे काम करताना कानाच्या पाळीवर एक फोड आला आणि चार महिने सुकलाच नाही. डॉक्टरबाईंनी तेवढा तुकडा कापून तपासायला पाठवलाय. म्हणाल्या, "उन्हानं झालंय. क्रीम लावत नव्हतास?"

मी मान खाली घातली. उन्हाची ती क्रीम कंपनी आम्हाला देते, पण मी एकही ट्यूब फोडली नाही. म्हटलं, मी जन्माचा काळा, ऊन मला आणखी काय काळं करणार! तुझा चेहरा मात्र भाजून निघतो, म्हणून गावी निघालेल्या प्रत्येकाबरोबर तुला पाठवत राहिलो.

आणि काल ताई फोनवर सांगते, "सातही ट्यूबा आईच्या कपाटात आहेत. म्हणते, पोरगा आला की लावेल, तो कुठला स्वतःसाठी घेतोय!"

आधी हसलो. मग हात कानाच्या पट्टीवर गेला.

आई, तारीख उलटलेल्या फेकून दे आणि एक आजच फोड. तोंडाला लावशील तशी मानेला, कानांनाही लाव. दुपारी पुन्हा लाव.

सोमवारी रिपोर्ट आहे. ताईला कळवीन.

माझ्यासाठी मात्र एकही राखून ठेवू नकोस.

तुझा,
धाकटा