आखाजीची घागर, टेक वन

१२ एप्रिल, शनिवार. मेहरूण, जळगाव

आजपर्यंत माझ्या हातांनी बनवलेलं: कॅमेऱ्याची ट्रॉली (कुल्फीच्या गाडीची चाकं, जुन्या पलंगाची फळी). हडळीचे केस (केळीच्या खोडाचा धागा, काळ्या रंगात बुडवून सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवला तर झाडू दिसतो). धुराचं मशीन (पत्र्याचा डबा, धूप, टेबलफॅन). कुरकुरणारं दार. घर नवीन असल्यामुळे बिजागऱ्या आवाजच करत नव्हत्या, रोज मिठाचं पाणी मारून गंजवल्या. घरमालकाला अजून माहीत नाही.

सिनेमाचं नाव 'भाड्याची सावली'. कथा, पटकथा, संवाद, कॅमेरा, एडिटिंग, पोस्टर: रुपचंद. कोणत्याही इन्स्टिट्यूटची पायरी चढलेलो नाही. धुळ्यात साइनबोर्ड रंगवायचो, फ्लेक्स आलं, लग्नाच्या शूटिंगला लागलो. बाकी सगळं मोबाइलवर बघून शिकलो.

कथा: सोळा वर्षांची मुलगी आई गेल्यावर नव्या गावात, नव्या घरात राहायला येते. घर तिला छळतं. पूर्णपणे काल्पनिक.

हिरॉइन: आमची दिपमाला. दहावीचे पेपर संपलेत, रिकामीच आहे.

धुळं सोडलं ते लोकेशनसाठी. दिपमालाची आई ललिता पोळ्याच्या आदल्या दिवशी वारली, त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथल्या खोल्या लेन्सला लहान पडत होत्या.

संकल्प: मेअखेर सिनेमा पूर्ण. धुळ्याच्या भाईदासांना दाखवायचा. त्यांचं अहिराणी कॉमेडीचं चॅनेल लाखो लोक बघतात. त्यांना हॉररची गरज आहे, फक्त त्यांना अजून ते कळलेलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जेवताना दिपूने विचारलं, पप्पा, आईला इथला पत्ता कसा कळेल?

हातातला घास ताटात ठेवून आधी लिहून घेतलं. असा डायलॉग मला महिनाभर बसून सुचला नसता. सीन चारमध्ये टाकला. ती म्हणाली, मी डायलॉग नव्हते बोलत. कलावंताला स्वतःची किंमत कळत नाही ती अशी.

सिनेमात मुलीचे वडील कुठे आहेत, असंही तिने विचारलं. म्हटलं, कॅमेऱ्याच्या मागे.

१७ एप्रिल, गुरुवार. ऊन ४४

हिवाळ्यातल्या रात्रीचा सीन भरदुपारी घेतला, कारण रात्री आजूबाजूला लग्नांचे डीजे. खिडक्यांना काळं मेणकापड. आत दिपू शाल पांघरून कुडकुडते आणि हडळ येते. हडळ म्हणजे ईश्वर. केळीच्या ट्रका भरतो, सहा फूट उंच, कलेच्या प्रेमापोटी मोफत. तोंडाला दादर ज्वारीचं पीठ फासलं होतं. घामाने त्याची कणीक झाली आणि गालांवरून ओघळायला लागली. शेजारच्या पुष्पाबाई पाण्याचा जग घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊ, हाई भूत शे का भाकरनं पीठ?

दिपू शालीत तोंड खुपसून हसली. खूप वेळ हसली. धुळं सोडल्यापासून पहिल्यांदाच.

सीन वाया गेला.

२३ एप्रिल, बुधवार

अडचण एकच. दिपू घाबरत नाही. ईश्वर अंगावर धावून आला की ती आधी त्याचे केस सरळ करते. एकदा तर जांभई दिली, तीही क्लोजअपमध्ये. शेवटी ईश्वरच काकुळतीला आला. म्हणाला, ताई, थोडी तरी घाबर ना, मनी इज्जत जाई राह्यनी.

नवा नियम: खरी भीती हवी असेल तर काय होणार आहे ते कलाकाराला आधी सांगायचंच नाही. हे तंत्र मी स्वतः शोधून काढलं.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर भरायची असते. पुष्पाबाईंनी दिपूला सगळं नीट सांगितलं. कोरी घागर, गार पाणी, वर लोटा, आंबा, सांजोऱ्या. गेलेलं माणूस ते पाणी पिऊन तृप्त होतं आणि घरावर लक्ष ठेवतं. दिपू स्वतः जाऊन घागर घेऊन आली. कुंभाराकडची एक एक बोटाने वाजवून पाहिली म्हणे. तिने विचारलं, पण घर बदललं असेल तर? पुष्पाबाई म्हणाल्या, माय बराबर येस बेटा, लेकरूना वासवर येस.

मला वेगळीच काळजी. सीन एकवीसमध्ये घागर आपोआप कलंडते. त्यासाठी थर्माकोलची घागर बनवून गेरूचे दोन हात दिले होते. क्लोजअपमध्ये थर्माकोल तो थर्माकोलच. शिवाय पडल्यावर फुटत नाही, उडी मारते. खरी घागर घरात असताना खोटी कशाला?

मेहरूण तलावावर गळ टाकून बसणाऱ्या एकाकडून नायलॉनचा दोरा मागून आणला. कॅमेऱ्याच्या अंतरावरून अजिबात दिसत नाही. आधी एका डोळ्याने तपासलं, मग दोन्ही डोळ्यांनी.

३० एप्रिल, आखाजी

टेक वन. ओके.

दिपूने ललिताची हिरवी साडी नेसली होती. कॉश्च्युमबद्दल मी काहीच बोललो नव्हतो, तिचं तिनेच ठरवलं. पोलका सैल होत होता, पिना लावल्या होत्या. कॅमेरा दाराशी लावला. म्हटलं, सणाची आठवण राहील. तिने घागर पाटावर ठेवली, कुंकू लावलं, वाकून कपाळ टेकवलं. हळूच म्हणाली, आई, पी.

मी दोरा ओढला.

घागर पडली, फुटली. पाणी तिच्या गुडघ्यांखालून पार उंबऱ्यापर्यंत गेलं. मी किंकाळी धरून चाललो होतो, पण ती ओरडली नाही. नुसतं तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी पाणी मागे ओढून खापऱ्यांत भरायला लागली.

इतकी वर्षं लग्नं शूट केली, इतक्या मुली सासरी जाताना रडलेल्या टिपल्या, असं फुटेज कधी मिळालं नाही. फोकस शार्प. फ्रेम मात्र थोडी हलली आहे, ट्रायपॉड असूनही. कारण शोधायला हवं.

२ मे, शुक्रवार

दिपूला दोऱ्याचं सांगणार होतो. नाही सांगितलं. काही सीन अजून बाकी आहेत आणि भीती आत्ता कुठे चेहऱ्यावर बसली आहे. याला कंटिन्यूइटी म्हणतात. सिनेमा संपला की सांगू, मग दोघंही हसू.

ती पुष्पाबाईंना विचारत होती, आईने पाणी का नाही घेतलं? पुष्पाबाईंनी आधी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, नवं घर शे बेटा, तिले वळख नही.

संकल्प: शूटिंग लवकर आटोपायचं.

७ मे, बुधवार

काम झपाट्याने चाललंय. दिपू आता हडळीचे केस सरळ करत नाही. सांगितलेलं सगळं पहिल्याच टेकला देते. दार कुरकुरलं की उठून बघते, शूटिंग नसलं तरी. झोपताना लाइट चालूच ठेवते. बिल वाढणार.

ईश्वरने येणं बंद केलं. म्हणाला, भाऊ, पोर खरीच घाबरस. मना जीव व्हत नही. हौशी लोकांचं हे असं असतं. उरलेल्या सीनमध्ये हडळ न दाखवताच भागवलं. उलट जास्तच परिणामकारक झालं.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल. दिपूला ७८ टक्के. पेढे आणले. ललिताच्या फोटोपुढे ठेवायला एक दिला, तर तिने तो लांबूनच बोटाच्या टोकाने पुढे ढकलला. पटकन हात मागे घेतला. म्हणाली, आणि नाही घेतला तर?

शॉट सुटला. बॅटरी चार्जिंगला होती.

१८ मे, रविवार

प्रिव्ह्यू. गच्चीवर मांजरपाटाचा पडदा, शिलाई माझी, चारही कोपरे काटकोनात. भाईदास खास धुळ्याहून आले. ललिताचा भाऊ सुकलाल भाचीचं अभिनंदन करायला दोंडाईच्याहून आला. पुष्पाबाई आल्या, ईश्वरही मागे येऊन उभा राहिला.

भाईदास अधूनमधून हसत होते. घाबरलेला माणूस हसतो, हे मानसशास्त्र आहे. इंटरव्हलला चहा पिताना म्हणाले, रुपचंदभाऊ, पोर घरमा एकटी शे, मग हिना बाप कोठे गया? म्हणाले, कथेत भोक आहे. आतापर्यंत कोणाला खटकलं नव्हतं.

सीन एकवीस. घागर कलंडली. अंधारातून ईश्वर म्हणाला, दोरा दखाई राह्यना.

दिसत होता. लॅपटॉपवर कधी दिसला नाही, त्याच्या स्क्रीनची ती बाजू जळालेली आहे. इथे पडद्यावर चांगला उंदराच्या शेपटीएवढा जाड, वर चकाकत होता. भाईदास तर मांडीवर थाप मारून हसले. सगळेच हसले. मी व्हिडिओ पॉज करायला गेलो, तर तो नेमका त्याच फ्रेमवर थांबला.

दिपू उठली. पडद्यापाशी गेली. घागरीच्या गळ्याशी दोऱ्यावर बोट ठेवलं आणि दोऱ्यावरून बोट नेत नेत पडद्याच्या कडेपर्यंत आली. तिथे फ्रेम संपते.

मग वळून म्हणाली, पप्पा, म्हणजे आईने नाही ढकलली?

मी म्हटलं, प्रोजेक्टरच्या पुढून बाजूला हो, तुझ्या तोंडावर चित्र पडतंय.

पुढचा अर्धा तास कोणी हसलं नाही. हे मी चांगलं चिन्ह मानतो.

१९ मे, सोमवार

सकाळच्या गाडीने दिपू मामाबरोबर दोंडाईच्याला गेली. सुट्टीच आहे, हवापालट होईल. निघताना सुकलाल म्हणाला, दाजी, तुमच्या हाताला कला आहे, हे मानलं पाहिजे. एवढंच बोलला आणि तिची बॅग उचलली. कौतुकच म्हणायचं.

भाईदासांचा फोन आला. सिनेमा हवाय. दोऱ्यासकट. मध्ये मध्ये हसण्याचे आवाज टाकून चॅनेलवर कॉमेडी म्हणून लावणार. चाळीस हजार देतो म्हणाले. मी स्पष्ट सांगितलं, मी हसवणारा माणूस नाही. ते म्हणाले, भाऊ, तुमले माहीतच नही.

फोन ठेवला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

संकल्प: दोरा पुसायचा. एकेक फ्रेम. सिनेमात मग एकही दोष राहणार नाही.

२५ मे, रविवार

चित्र स्क्रीनच्या चांगल्या बाजूला सरकवून दोरा पुसतोय. मागच्या भिंतीचा रंग उचलून दोऱ्यावर भरायचा. साइनबोर्ड रंगवणाऱ्याला हे अवघड नाही.

आज चित्र मोठं करून बघताना एक सापडलं. घागरीवरचा लोटा दिपूने चिंच लावून लख्ख घासला होता. त्यात कोणीतरी दिसतो. बारीक, वाकडा, दाराशी उभा, हात मागे ओढलेला. प्रथम दचकलो. संपूर्ण सिनेमात खरं दचकवणारं एवढंच आहे, आणि ते चुकून आलंय. पुसायला हवं.

पुसायला घेतलं. पण वाकलेली दिपू आणि लोट्यातला तो, दोघं एका फ्रेममध्ये फक्त इथेच आहेत. उद्या ठरवू.

दार फार कुरकुरतं. बिजागऱ्यांत तेल सोडून पाहिलं. गंज आतपर्यंत गेलाय. पुष्पाबाईंनी वांग्याचं भरीत पाठवलं, एका माणसापुरतं.

३१ मे, शनिवार

दिपूचा फोन. सिनेमाबद्दल बोलेल असं वाटलं होतं, बोलली नाही. रडलीही नाही. म्हणाली, पप्पा, दोरा होता ते बरंच झालं. म्हणजे आई रागावलेली नाही. नुसती तहानलेली आहे.

मग तिने प्रस्ताव मांडला. मुद्देसूद मांडला, हे माझ्याकडून आलंय. धुळ्याच्या जुन्या घराच्या मालकीणबाईंना तिने फोन करून विचारलंय, उद्या ओसरीवर तासभर बसू देतील. आईला तो पत्ता पाठ आहे. मामा तिला तिथवर आणून सोडणार. मी जळगावहून एसटीने यायचं. कॅमेरा आणायचा नाही. ती घागर भरेल आणि या वेळी कपाळ आधी मी टेकवायचं. मग ती म्हणाली, त्यानंतर मी तुमच्याबरोबर मेहरूणला येते. त्या दाराला पण तेल घालू.

मी म्हटलं, उद्या जमणार नाही. दोरा अजून अर्धाच पुसून झालाय. शिवाय ती ओसरी फार अरुंद आहे.

ती म्हणाली, पप्पा, शूटिंग नाहीये.

मी म्हटलं, तेच सांगतोय.

मागे दोंडाईच्याची गाडी गेल्याचा आवाज आला. साउंड स्वच्छ होता. मग तिने फोन ठेवला.

नाकारलेली ऑफर, नोंदीसाठी: दोंडाईच्याच्या कुंभाराकडची कोरी घागर, तिने वाजवून घेतलेली, किंमत एकशे वीस. निम्मे मामाने तिला निकालाचे पेढे म्हणून दिलेल्या पैशांतले, निम्मे मी द्यायचे, असं तिचं म्हणणं. माझ्या वाट्याचे साठ रुपये.