तिसऱ्या मजल्यावरचा बस्ता

१२ ऑक्टोबर, दसरा

आज शोरूमचं ओपनिंग झालं. जालना, सम्राट बिझनेस हब, तिसरा मजला. लिफ्ट हाय, एसी हाय, काचेचा दरवाजा हाय. बदनापूरचं दुकान कालच सोडलं. एकतीस वर्षं त्या गादीवर मांडी घालून लोकांच्या लग्नाचे बस्ते काढले. आता बास झालं मांडी घालणं.

जुना गाळा बायकोच्या, वंदनाच्या भावाला, संपतला विकून टाकला. त्याच पैशात शोरूम झालं. गादी, लोड, तक्के, चहाच्या कपबश्या, सगळं तसंच त्याला दिलं. शोरूममध्ये गादीला जागा न्हाई. संपत म्हणला, दाजी, मी पण कपडाच ठेवून पाहू का. म्हणलं ठेव. आजवर त्यानं ठिबकचे पाइप विकले. शालू आणि पैठणी समोर ठेवली तर दोन्हीला चादर म्हणंल. चार महिने टिकला तर खूप.

आजपासूनचे ठराव. बस्ता म्हणायचं न्हाई, वेडिंग कलेक्शन म्हणायचं. गिऱ्हाइकाला मावशी म्हणायचं न्हाई, मॅडम म्हणायचं. ब्लेझर रोज.

आमच्या तृप्तीचं लग्न फेब्रुवारीत हाय, केदारखेड्याच्या भागवतरावांच्या पोराशी. तिचा बस्ता ह्याच शोरूममध्ये काढणार. दोन्हीकडचे पाव्हणे सोफ्यावर बसून काचेतून जालना बघतील. तृप्ती म्हणली, पप्पा, माझा शालू तुम्हीच उघडून दाखवायचा, दुसऱ्या कोणी न्हाई. म्हणलं, बिलकुल. आमची इज्जत त्याच दिवशी दिसणार हाय सगळ्यांना.

वंदना म्हणली, बघू.

१९ ऑक्टोबर

बिल्डर भुजंगराव येऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट येणार, चौथ्यावर थिएटर. म्हणजे माणूस पिक्चर बघून खाली उतरणार आणि जेवायला जाता जाता मधी आपलं शोरूम. बराबर लोकेशन पकडलंय मी. सध्या दुसऱ्यावर ताडपत्री हाय आणि चौथ्यावर कबुतरं.

आज बरीच माणसं आली. बहुतेक बाथरूम विचारायला. दोघांनी लिफ्टमध्ये चुकीचं बटन दाबल्तं. एक मीटरवाला. मोनाली म्हणली, सर, ह्याला फुटफॉल म्हणतात. मोनाली आपली सेल्सगर्ल. संभाजीनगरच्या मॉलमध्ये काम करून आलेली हाय, तिला सगळं माहीत असतंय. फुटफॉल चांगला हाय म्हणली.

विक्री झाली न्हाई. सुरुवातीला विक्रीकडं बघायचं नसतंय.

२८ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. खेड्यातली माणसं काचेच्या दरवाज्यापाशी येतात आणि चपला काढतात. आत या म्हणलं तर म्हणतात, फरशी लई चकाचक हाय, पाय मळके हायत. तिथूनच वाकून बघतात आणि जातात.

आज एक बाई हिंमत करून आत आली. चपला बाहेर ठेवल्या. तेवढ्यात हाऊसकीपिंगवाल्यानं चपला कचरा समजून उचलल्या. बाईनं आवाज केला तो तळमजल्यापर्यंत गेला. शेवटी खालच्या दुकानातून तिला नवी चप्पल घेऊन दिली. दिवसभरात आमच्याकडून झालेली तेवढीच खरेदी.

दरवाज्यावर बोर्ड लावणार. चपला घालून आत या. मोनाली म्हणली, सर, हेच इंग्लिशमध्ये लावू. लावलं. 

२४ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई लागली. आज पहिली मोठी पार्टी. कुंभार पिंपळगावहून दोन क्रूझर भरून. पोरीकडचे, पोराकडचे, आत्या, माम्या, चुलते, मांडीवरची लेकरं. मी ब्लेझरचं बटन लावून खाली उभा.

लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. मी म्हणलं, आधी पाव्हणे चला. पाव्हणे म्हणजे पोराकडचे. ते दोन खेपांत वर गेले. तिसऱ्या खेपेला लिफ्ट खाली यायला वेळ लागला, कारण पोराकडची लेकरं तिच्यात वरखाली करून राह्यली होती. तोवर पोरीचा मामा पार्किंगमध्ये रुसला. म्हणला, आमाला ह्या खड्ड्यात उभं केलं आणि ते वर हवा खायला गेले. आम्ही काय पोरगी फुकट देऊन राह्यलो का.

त्याला कसंतरी वर आणलं. तर वर सोफे सहा. त्याच्यावर पोराकडचे अगोदरच मांडी घालून बसल्ते. पोरीकडचे उभे. मामा परत खाली.

मंग साड्या. बायकांना साडी जमिनीवर फेकलेली बघायची असती, एकावर एक ढीग झाल्याशिवाय बस्ता काढला असं वाटत न्हाई. मोनाली म्हणली, मॅम, हँगरला हात लावू नका, मी दाखवते. पोराची आत्या म्हणली, मंग आमी काय आरती ओवाळायला आलो. चहा सांगितला तर मशीनची कॉफी. एका म्हाताऱ्यानं एक घोट घेतला आणि कप कुंडीत ओतला.

म्हणले, जेवून येतो. गेले ते गेलेच.

संध्याकाळी मोटारसायकलवर घरी बदनापूरला आलो तर त्याच दोन क्रूझर संपतच्या दुकानापुढं. मामा लोडाला टेकून चहा पिऊन राह्यला होता. वंदना गाळणी घेऊन उभी. म्हणली, संपतला एकट्याला आवरत न्हाई, म्हणून आल्ते.

शांतपणे विचार केला. जालन्याच्या पुढं जाऊन ते लोक बदनापूरला आले. कशामुळं आले, तर आमच्या शोरूमची जाहिरात बघून निघाले होते म्हणून. म्हणजे संपत आपली एक ब्रँच झाली. न सांगता.

९ डिसेंबर

आज काही झालं न्हाई.

१७ डिसेंबर

दुसऱ्या मजल्यावरची ताडपत्री निघाली. फूड कोर्ट न्हाई, तिथं कोचिंग क्लास आला. पोरं लिफ्टपाशी गर्दी करतात, बेसिनला तोंड धुतात. फुटफॉल वाढला. पहिल्या मजल्यावर जिम आली. गाण्याच्या ठेक्यावर माझे मॅनिकिन, साडी नेसवलेले पुतळे, हलतात. एकाचा हात पडला. मी काही केलं न्हाई, बघत बसलो.

भुजंगरावांना थिएटरचं विचारायला फोन लावला. बंद लागला. मोठ्या माणसांचा एक नंबर कायम बंद असतोय.

२९ डिसेंबर

मोनालीनं नोकरी सोडली. खाली जिमच्या काउंटरला लागली. म्हणली, सर, तिथं निदान माणसं येतात. मला वाईट वाटलं का, असं वंदनानं विचारलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं न्हाई. एसीचा खर्चा वाचावा म्हणून एसी बंद ठेवतो, त्यामुळं डोकं जड राहत असंल.

६ जानेवारी

पौष चालू हाय. पौषात कोणी बस्ता काढत न्हाई, त्यामुळं धंदा न्हाई. हे कारण बराबर हाय. ह्याच्या आधी काय कारण होतं ते आठवत न्हाई.

ठराव. रोज सकाळी जाऊन निदान एक साडी उघडायची आणि घडी घालायची. हात चालू राह्यला पाहिजे.

संपतनं दुकानात दोन माणसं वाढवली. वंदना रोज दुपारी तिकडं जाते. घरी आल्यावर विषय काढत न्हाई. मी पण काढत न्हाई. भाजी चांगली झाली म्हणतो.

१५ जानेवारी

भागवतरावांचा फोन आल्ता. बस्ता कुठं काढायचा म्हणले. म्हणलं, व्याही, हे काय विचारणं झालं, आपलंच शोरूम हाय. ते म्हणले, आमच्या आईचं गुडघ्याचं हाय. त्यांची आई झुंबरबाई. घरात थोरली तीच, तिनं पहिल्या साडीला हळदीकुंकू लावल्याशिवाय बस्त्याला सुरुवात होत न्हाई. म्हणलं, लिफ्ट कशाला हाय मंग. गुडघ्याला बिलकुल त्रास न्हाई.

फोन ठेवल्यावर वंदना म्हणली, संपतकडं काढू ना, लोकांपुढं हसं नको. मी आवाज चढवला. एकतीस वर्षं लोकांच्या लेकींचे बस्ते काढले आणि स्वतःच्या लेकीचा दुसऱ्याच्या दुकानात? तृप्ती आतून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणली, पप्पांच्याच शोरूममध्ये. 

लेकीनं शब्द राखला. आता मागं सरायचं न्हाई.

६ फेब्रुवारी, सकाळी

आज तृप्तीचा बस्ता. ह्या खेपेला सगळा विचार केलाय. क्लासवाल्याकडून बाकडी मागून आणली. चहा घरून थर्मासात. लिफ्टमध्ये पोरीकडचे चार आणि पोराकडचे चार, अशी मिसळ करून पाठवायची. रुसायला जागाच ठेवली न्हाई. हँगर सगळे काढून टाकले. शालू वेगळा काढून ठेवलाय, डाळिंबी रंगाचा, माझ्या हातानं निवडलेला. तो शेवटी उघडणार.

ब्लेझर इस्त्रीचा.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी

जे झालं ते लिहितो.

पाव्हणे अकराला आले. झुंबरबाईंना दोघींनी धरून लिफ्टपाशी आणलं. दार उघडलं. त्यांनी आत बघितलं आणि म्हणल्या, ह्या पेटीत म्या बसत न्हाई. म्हणलं, आजी, दोन मिनिटं. म्हणल्या, दोन मिनिटांत माणूस मरतंय. आणि तिथंच पार्किंगमध्ये पाय पसरून खाली बसल्या. थोरलं माणूस खाली बसलं म्हणल्यावर सुना बसल्या. सुना बसल्या म्हणल्यावर आमच्याकडच्या बसल्या. दोन मोटारसायकली बाजूला केल्या आणि चांगला मोठा गोल झाला.

मी डोकं चालवलं. आजी वर येत न्हाई तर शोरूम खाली आणू. साड्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन खाली आणले. वॉचमन म्हणला, साहेब, कॉमन एरियात माल लावायला परवानगी न्हाई. म्हणलं, मी इथला मालक हाय. तो म्हणला, इथं सगळे मालकच हायत साहेब. तरी मी मानलं न्हाई. शालू आणायला परत वर गेलो. शालू घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि दोन मजल्यांच्या मधी लाइट गेली.

जनरेटर हाय. डिझेल नव्हतं.

पहिल्यांदा आवाज दिला. लाइटबरोबर जिमचं गाणं पण बंद पडलं होतं, तरी कोणाला ऐकू गेला न्हाई. मोबाइल वर काउंटरवर राह्यल्ता. ब्लेझर काढला. उकडून राह्यलं होतं. शालू खाली ठेवू वाटेना, म्हणून मांडी घालून बसलो आणि मांडीवर घेतला. तीन तास तरी असतील. झुंबरबाई म्हणत होत्या तसं काही होत न्हाई, माणूस मरत न्हाई. नुसता बसून राहतो.

लाइट आली तेव्हा पार्किंग रिकामं. वॉचमन म्हणला, म्हातारीला गरमीनं चक्कर यायली होती, बाईसाहेबांनी सगळ्यांना बदनापूरला नेलं. तुम्हाला लई शोधलं म्हणला, लिफ्टचं कोणाच्या डोक्यात आलं न्हाई. साड्यांचे गठ्ठे त्यानं भिंतीला लावून ठेवल्ते. नीट ठेवल्ते.

शालू घेऊन मोटारसायकलवर बदनापूरला गेलो. संपतच्या दुकानात गादी भरल्ती. दोन्हीकडचे समोरासमोर, मधी साड्यांचा ढीग, चहा फिरून राह्यला होता. झुंबरबाई लोडाला टेकून खुश. सगळं झालं होतं, फक्त शालू राह्यल्ता. संपत चार वेळा उघडायला गेला, तर तृप्तीनं त्याचा हात धरला. पप्पा येऊ द्या म्हणली. तासभर सगळी मंडळी त्यासाठी थांबली होती.

मला बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला काय झालं ते कळलं न्हाई. मी चप्पल काढली, गादीवर चढलो, जुन्या जागेवर बसलो आणि शालू उघडला. एका झटक्यात, पदर बराबर तिच्या गुडघ्यापाशी. हात विसरला नव्हता. बायका पुढं सरकल्या. 

झुंबरबाईंनी पदर हातात धरून पाह्यला. ब्लेझर नव्हता, अंगावर घामाचा शर्ट, त्यांनी मला वळखलं न्हाई. संपतला म्हणल्या, तुझा हा माणूस चांगला हाय रे, याला सोडू नको. कोणीतरी हसलं. भागवतराव खाली बघायला लागले. वंदनानं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी म्हणलं, आजी, दुसरा रंग दाखवू का. म्हणल्या, नको, हाच.

बस्ता संपला की दुकानाकडून पोरीच्या बापाला टॉवेल-टोपी द्यायची, हा आपल्या दुकानाचा रिवाज. संपतनं तो मोडला न्हाई. दोन्ही हातांनी टॉवेल-टोपी पुढं केली आणि वाकून पाया पडला. किती बापांना मी ती दिली असंल. घेताना हात कसे करायचे, ते मला माहीत नव्हतं. तृप्तीनं घेतली आणि माझ्या डोक्यावर टोपी घातली.

मंग सगळे जेवायला गेले. गादीवर ढीग तसाच पडल्ता. मी घड्या घालत बसलो. वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं न्हाई. घडी बराबर येत होती, एवढंच.

संपत जेवून आला. माझ्याशेजारी बसला आणि साड्या लावायला लागला. मंग खाली बघून म्हणला, दाजी, उद्या पाचोडची पार्टी हाय. तुम्ही किती वाजता येता.

म्हणलं, नऊला.