लग्नाच्या व्हिसाचा तौलनिक तक्ता

४ जानेवारी, सकाळी ७.२०
आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घ्यायचाय, आणि मोठा निर्णय घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवायला हव्यात. लग्न ठरून अकरा महिने झाले. ती परदेशात, मी इथे. ती तिकडच्या एका लॅबमध्ये दात बनवते. लोकांचे, नकली. मी इथल्या लॅबमध्ये वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज तपासतो आणि ते बरोबर दाखवतात असा दाखला देतो. दोघेही लॅबवाले. जोडी छान आहे असं सगळे म्हणतात.

प्रश्न एवढाच, की मी तिकडे कुठल्या व्हिसावर जायचं. एक्सेलमध्ये तक्ता सुरू केला.
मार्ग क: तिने तिकडे अर्ज करायचा, मी होणारा नवरा म्हणून जायचं, पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत लग्न.
मार्ग ख: आधी इथे लग्न, मग नवरा म्हणून अर्ज, आणि वर्षभर लग्न होऊनही दोघं दोन देशांत.
मार्ग ग: टूरिस्ट म्हणून जायचं, तिथे लग्न उरकायचं, परत येऊन रीतसर अर्ज करायचा.
मार्ग घ: तिनेच सगळं सोडून इकडे यायचं. (हा तिला अजून सांगितलेला नाही.)
संकल्प: ३१ जानेवारीपर्यंत निर्णय. म्हणजे निर्णय.

९ जानेवारी
तिला फोनवर तक्ता वाचून दाखवला. ती म्हणाली, मला कुठलाही चालेल, तू फक्त एक सांग.
कुठलाही चालेल हे काय उत्तर झालं? उद्या लॅबमध्ये कुणी म्हणालं, काट्याने काहीही दाखवलं तरी चालेल, तर? तक्त्यात लिहिलं: तिचं मत अप्राप्त.

१८ जानेवारी
लॅबची पद्धत इथेही लावायची. आमच्याकडे एका रीडिंगवर सही होत नाही. तीन घ्यायची. दोन जवळजवळ आली आणि तिसरं लांब पडलं, तर लांबचं बाद. सतरा वर्षांत माझा एकही दाखला परत आलेला नाही. मग लग्नासारख्या गोष्टीत अंदाजपंचे कशाला?

तीन माणसं ठरवली. पहिला मावसभाऊ, बायकोच्या व्हिसावर सहा वर्षं बाहेर राहून आलेला. दुसरा व्हिसा एजंट, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस आहे. तिसरे नाना, माझ्या शेजारच्या टेबलावर वजनं तपासतात. नानांना व्हिसातलं ओ की ठो कळत नाही, पण चिमट्याने वजन उचलताना त्यांचा हात कधी थरथरत नाही. असा माणूस हवाच.

३१ जानेवारी
मावसभाऊ: ख. एजंट: ग. नाना: घाई करू नये.
तिन्ही एकमेकांपासून लांब. नियमाप्रमाणे तिन्ही रद्द. पुन्हा घ्यावी लागणार. मुदत २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवली आणि तिला तसं कळवलं. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी, दुपारी, डबा खाऊन
आईने सकाळी विचारलं, किती दिवस हे भिजत घोंगडं ठेवणार आहेस. सांगितलं, तक्त्यात आता तेवीस रकाने झालेत. आई म्हणाली, तुझ्या वडिलांनी मला पंधरा मिनिटांत हो म्हटलं होतं. वडिलांकडे तेव्हा पर्याय तरी किती होते, असं मी मनात म्हटलं. थोडं मोठ्याने झालं असावं. आईने डबा हातात टेकवला आणि आत गेली.

१२ फेब्रुवारी
संकल्प: तिकडची भाषा. रोज अर्धा तास. मोबाईलवर अ‍ॅप घेतलं. पहिला दिवस: सफरचंद लाल आहे.

२८ फेब्रुवारी
पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला. तिन्ही हातात. आता कुठल्याही मार्गाला आपण तयार. शेवटचा दाखला देणाऱ्या कारकुनाने विचारलं, कशासाठी हवाय. म्हटलं, लग्नासाठी. तो म्हणाला, मग जरा लवकर करा, हा सहा महिन्यांत शिळा होतो. मी नुसता हसलो. त्याला काय माहीत माझ्याकडे तक्ता आहे.
मुदत: मार्चअखेर.

१५ मार्च
ती फोनवर रडली.
तिच्या लॅबची दुसऱ्या गावात शाखा निघतेय. तिथली मुख्य म्हणून तिला पाठवताहेत, दोन वर्षांच्या करारावर. राहायला घर देणार. ते एकटीसाठी हवं की कुटुंबासाठी, हे तिने ३० जूनपर्यंत लिहून द्यायचं. एकदा दिलं की दोन वर्षं बदलत नाही. तिने विचारलं, काय लिहू रे. म्हटलं, अजून साडेतीन महिने आहेत की.

तेव्हा रडली. ती रडत असताना मला काहीच झालं नाही. खुर्चीचा हात कोपराला टोचत होता, एवढंच लक्षात आहे. पूर्वी मी असा नव्हतो. ती गेली त्या दिवशी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी गाडीत बसून चांगला हुंदके देऊन रडलो होतो. आता आत सगळं बधिर आहे. याला बहुधा परिपक्वता म्हणतात.

२ एप्रिल
तिने मार्ग क चा अर्ज स्वतःच भरून टाकला. मला न विचारता! म्हणाली, कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.
रागावलो नाही. खूशही झालो नाही. तक्त्यात क समोर 'सुरू' लिहिलं आणि त्या ओळीला पिवळा रंग दिला. पण एकाच मार्गावर विसंबून राहणं शहाणपणाचं नाही.
अ‍ॅप: पहिला दिवस (पुन्हा). सफरचंद अजून लालच.

९ एप्रिल
एजंटकडे गेलो. त्याच्या टेबलावर काचेखाली वीस देशांचे झेंडे आहेत, त्यावर चहाचे डाग. म्हणाला, साहेब, क ला वेळ लागतो. मधल्या काळात ग पण टाकून ठेवा. जो आधी येईल तो आपला.
पटलं. तिला मात्र ताकास तूर लागू द्यायची नाही. एक दिवस सरळ बॅग घेऊन तिच्या दारात उभा राहीन. सरप्राइज.

१२ एप्रिल
ग चा फॉर्म. सोळावा प्रश्न: या देशात तुमचे नातेवाईक, होणारी पत्नी किंवा ओळखीची कोणी व्यक्ती आहे का?
तीन रीडिंग घेतली. मावसभाऊ म्हणाला, आहे म्हणून लिही, नाव-पत्ता दे, खोटं लिहिलंस तर गळ्याशी येईल. एजंट म्हणाला, नाही टाका, फॉर्म स्वच्छ दिसतो. नाना म्हणाले, नाही लिहिलं तर पुढचे चार रकाने भरावे लागत नाहीत.
दोन जवळजवळ, एक लांब. मावसभाऊ बाद.
लिहिलं: नाही.
खाली सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

५ मे
बोटांचे ठसे देऊन आलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तिकडे काय बघणार. म्हटलं, तलाव. कुठला? म्हटलं, मोठा. त्यांनी तसंच लिहून घेतलं.
बाहेर आल्यावर वाटलं, तलाव कुठून सुचला आपल्याला? मग आठवलं. तिच्या लॅबच्या मागे तलाव आहे. ती दुपारचा डबा तिथल्या बाकावर बसून खाते आणि बऱ्याचदा फोटो पाठवते. घरी येऊन मोबाईलमध्ये सगळे काढून बघितले. एकशे सहा होते. एकशे चार मी उघडलेलेच नव्हते.
संकल्प: यापुढे फोटो त्याच दिवशी बघायचे.

२२ मे
फोटो येत नाहीत. तिकडे थंडी असेल.

१० जून, सकाळी ६.४५
तिचा फोन आला होता. काल तिला तिकडच्या ऑफिसात बोलावलं होतं, क च्या अर्जाबद्दल. तिला वाटलं, मंजूर झाला. नवीन शर्ट घालून गेली. खिडकीतल्या माणसाने तिच्यापुढे माझा ग चा फॉर्म ठेवला. विचारलं, तुम्ही म्हणता हा तुमचा होणारा नवरा, आणि हा लिहून देतोय की या देशात याच्या ओळखीचं कुणीच नाही. यातलं खरं काय? मागे रांग उभी होती. तिला आधी वाटलं, त्याने चुकून दुसऱ्या कुणाचा फॉर्म काढला. म्हणून तिने सही बघितली. सही माझीच होती.

मी सगळं क्रमाने समजावलं. तीन रीडिंग, मावसभाऊ बाद का झाला, रकाने किती वाचले. सरप्राइजचंही सांगितलं. मध्ये नेटवर्क गेलं वाटून हॅलो हॅलो केलं. ती म्हणाली, आहे मी, ऐकतेय. मग फोन ठेवला.

चहा प्यायलो. साखर होती की नव्हती, कळलं नाही. नंतर कपाच्या तळाशी दिसली, न ढवळलेली.

१९ जून
तिला रोज एक मेसेज पाठवतोय. खुलासा, मुद्देसूद. आजचा सात मुद्द्यांचा होता. निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचते. संवाद चालू आहे.

३० जून
तिचा मेसेज आला. 'एकटी' असं लिहून दिलं.
हे कागदोपत्री आहे. घर लहान असलं तरी दोन माणसं मावतात. तक्त्यातून घराचा रकाना काढून टाकला.

७ जुलै
तिने मार्ग क चा अर्ज मागे घेतला. तिने नाही सांगितलं, ऑफिसचा ईमेल मला आला. दोन ओळींचा, खाली कुणाची सहीसुद्धा नाही.
दुसरी बाजूही बघितली पाहिजे. आता तीनच मार्ग उरले. निवड सोपी झाली.
मावसभावाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तो बाद आहे.

११ जुलै
पाकीट आलं. व्हिसा मंजूर!
एजंट म्हणाला, बघा, क चा अर्ज निघाला आणि आपला फॉर्म स्वच्छ. नानांनी वजन खाली ठेवून माझ्याशी हात मिळवला, हे ते कधी करत नाहीत. साहेबांनी एकवीस दिवसांची रजा तिथल्या तिथे दिली. म्हणजे सहा महिन्यांनी का होईना, निर्णय झाला: मार्ग ग. पद्धत चुकीची असती तर हे झालं असतं का?
जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन तिला फोन लावला. म्हटलं, व्हिसा आला, मी येतोय. ती म्हणाली, नको येऊस.
नोंद: पहिलं रीडिंग, नको.

१३ जुलै
दुसरं रीडिंग, मेसेजवर: नको. खरंच नको.
दोन जवळजवळ. तिसरं घेतलं नाही.

१७ जुलै
काही नाही.

२० जुलै
सतरा वर्षांत पहिल्यांदा माझा दाखला परत आला. गेज बरोबर होतं, मी तारीख चुकवली होती. साहेब म्हणाले, होतं असं, रजेवर जाऊन ये, बरं वाटेल. मी हो म्हटलं. रजा रद्द करायचीय हे सांगायला गेलो होतो, ते राहून गेलं.
घरी आईला अजून काही बोललो नाही. योग्य वेळ बघून सांगायचं. मुदत: महिनाअखेर.

२५ जुलै, रविवार, सकाळी १०
आई मटार सोलत बसली होती. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता तिने सांगितलं, की तीस जूनच्या आदल्या दिवशी त्या पोरीचा मला फोन आला होता. 'एकटी' लिहू का, हे विचारायला. खूप रडली. म्हणाली, काकू, याने एकदा जरी म्हटलं असतं ना की मला तू हवी आहेस, तर मी आणखी दोन वर्षं थांबले असते, कुठलाही मार्ग चालला असता मला. आणि आईने तिला सांगितलं, लिही बाळा, लिहून टाक.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. आई म्हणाली, सव्वीस दिवस वाट बघतेय, तू सांगशील म्हणून. तू आपला रोज दोन वेळा जेवतोस, रोज पेपर वाचतोस. ढिम्म.

काहीतरी म्हणायचं होतं. म्हटलं, आई, मला ती हवी आहे.

मोठ्याने म्हटलं. याआधी कुणापुढे म्हटल्याचं आठवत नाही. म्हणताना आवाज फाटला आणि मग थांबेचना, लहान पोरासारखा रडलो, पेपर तोंडावर धरून. आईने रडू दिलं. मग म्हणाली, अरे, हे मला सांगून काय उपयोग.

तिला फोन लावला. तिकडून आलेला आवाज सांगत होता, की हा नंबर आता वापरात नाही. सफरचंदापुढे न गेलेल्या मला तेवढं वाक्य मात्र कळलं. आईने अर्धे मटार माझ्यापुढे सरकवले. दोघांनी मिळून सोलून टाकले.